अनेकांत मगदूमची तीट

कोल्हापुरात राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर अनेकांत मगदूम राहतो. समोरच्याचंही काही खरं असू शकतं हे माणसानं मानावं, म्हणून जैनांच्या घरात पोराचं नाव अनेकांत ठेवतात. बाबासो मगदुमांनी ते मोठ्या हौसेनं ठेवलं आणि पोरानं जन्मभर त्याचं वाटोळं केलं. चाळिशी उलटली तरी याला आजवर दुसऱ्या कुणाचं एक मत पटलेलं नाही. हॉटेलात मिसळ पुढ्यात आली की आधी तिच्यात काय बिघडलंय ते वेटरला ऐकवणार, मग वर कांदा मागून घेणार आणि ताट चाटूनपुसून खाणार. घरी मात्र कंदमुळं वर्ज्य. बायको रुचिता हे सगळं जाणून आहे. ती बोलत नाही, कारण बोलून उपयोग नाही हे तिला लग्नाच्या पहिल्याच दिवाळीत कळलं.

माणसाच्या हातात चित्र मात्र आहे. एवढं कबूल करायलाच हवं, नाहीतर त्याच्याबद्दल लिहायचं कशाला? आर्टच्या कॉलेजातून बाहेर पडल्यावर तो पोटासाठी फ्लेक्स करायचा. कोल्हापुरात माणूस जन्माला आला तरी फ्लेक्स, नगरसेवक झाला तरी फ्लेक्स, आणि नुसताच वाढदिवस असला तर चौकाचौकात फ्लेक्स. दादांचे केस काळे करा, दादांचं पोट आत घ्या, शुभेच्छुकांत माझा फोटो त्या पंप्याच्या फोटोपेक्षा मोठा करा. अनेकांत खुर्चीत बसायचा आणि पाठीमागं सात-आठजण उभे राहून त्याच्या मानेवर श्वास सोडत सूचना करायचे. ज्यांना सरळ रेघ ओढता येत नाही त्यांनी आपल्याला रंग शिकवावेत, हा अपमान त्याच्या डोक्यात तिथंच मुरला. पुढं काम बदललं, माणसं बदलली, पण तो राग त्यानं लोणच्यासारखा जपून ठेवला.

नंतर पुण्यातल्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली. खाण्यापिण्याच्या मालाचे पुडे, पिशव्या, खोकी यांच्यावरची चित्रं करून देणारी ही कंपनी. मालक धैर्यशील. काही वर्षं अनेकांतनं पुण्यात काढली, मग करोनात सगळे घरी गेले तसा हाही राजारामपुरीत परतला आणि पुन्हा गेलाच नाही. आता त्या कंपनीला ऑफिस म्हणण्यासारखं काही उरलेलं नाही. धैर्यशील पुण्यात, कामांचा ताळमेळ बघणारी आदिती नाशकात, गिऱ्हाईक आणणारा यशराज बेंगळुरूत. सगळ्यांनी भेटायची जागा एकच, ती म्हणजे लिंक.

लिंक म्हणजे अशी: अनेकांत चित्र करून इंटरनेटवर चढवतो आणि ज्याला लिंक मिळाली त्याच्या पडद्यावर ते उघडतं. चित्रावर कुठंही बोट टेकलं की तिथं एक टिकली उमटते, टिकलीपुढं चौकोन उघडतो आणि त्यात माणसाला काय वाटतं ते तो लिहितो. अनेकांतनं ते वाचायचं, चित्र दुरुस्त करायचं आणि खाली ‘झालं’ची टिक मारायची. टिक मारली की टिकली नाहीशी होते आणि ‘झालेल्या’च्या कप्प्यात जाऊन पडते. सगळ्या टिकल्या गेल्या की काम छपाईला जातं.

म्हणजे पूर्वी मानेवर श्वास सोडणारे आता घरबसल्या सोडू लागले, एवढाच फरक. यशराज लिहायचा, ‘हे अजून जिवंत वाटेल का?’ चित्र होतं खारीच्या पुड्याचं. आदिती लिहायची, ‘लाल थोडा कमी लाल चालेल?’ धैर्यशीलचं तर ठरलेलं असायचं, ‘झकास! फक्त सगळं जरा बदलून बघू.’ अनेकांत हे रुचिताला मोठ्यानं वाचून दाखवायचा. ‘उंटावरून शेळ्या हाकतायत,’ म्हणायचा. ‘बेंगळुरूत एसीत बसून ह्यो मला खारी शिकवणार. खारी कशाबरोबर खात्यात ते तरी ठावं हाय का त्याला?’

एकेका कामावर टिकल्यांचं असं पुरळ उठायचं की खालचं चित्र दिसेनासं व्हायचं. त्यावर त्याला तोड सुचली ती स्वतःच्याच घरात. लेक तेव्हा तान्ही होती आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागलेली. रुचिता तिच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट लावून ठेवायची. अनेकांतनं कोपऱ्यातून बघितलं, की येणारी प्रत्येक बाई आधी ती तीट बघते, ‘तीट जरा मोठीच झाली गं,’ म्हणते आणि तेवढं बोलून गार होते. पोरीचं नाक बापासारखं बसकं आहे हे एकीनंही काढलं नाही.

तेव्हापासून अनेकांत चित्राला तीट लावू लागला. मुद्दाम केलेली एक चूक, तीही आंधळ्याला दिसेल अशी. दुधाच्या पिशवीवरच्या गाईला पाच पाय. चहाच्या पुड्यावरच्या किटलीला तोटीच नाही. पापडाच्या वेष्टनावर बाई लाटतेय, पण लाटणं तिच्या हाताखाली नसून हातावर. मग लिंकवर टिकली यायची, ‘गाईला एक पाय जास्त आहे बहुतेक.’ हा लिहायचा, ‘वा! बारीक लक्ष आहे तुमचं,’ आणि एक पाय पुसायचा. गंमत म्हणजे बाकीच्या टिकल्या हळूहळू बंद झाल्या. तीट सापडली की मंडळी खूश, आणि उरलेलं चित्र जसंच्या तसं छापून यायचं. ‘कुत्र्याला हाड टाकलं की ते भुकत न्हाय,’ असं तो रुचिताला सांगायचा आणि चहात खारी बुडवून पोट हलेस्तोवर हसायचा.

रुचितानं एकदा विचारलं होतं, ‘आणि एखाद्या बारीला कुणाला दिसलीच न्हाई तर?’

‘न दिसायला काय झालंय? तेवढंच तर बघता येतं त्यास्नी.’

सहा वर्षं हे असं सुखात चाललं. त्यात आत्तीचं काम आलं.

आत्ती म्हणजे अक्काताई, बाबासोंची थोरली बहीण. राहायला इचलकरंजीत. घराच्या भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना, दिवसरात्र खडखडाट, त्यामुळं अक्काताईंना हळू बोलणं ठाऊकच नाही. त्यांनी कानात सांगितलेली गोष्टही गल्लीच्या तोंडाला ऐकू जाते. त्यांची चटणी त्या भागात नावाजलेली. कोल्हापूरकडं चटणी म्हणजे ताटाच्या कडेला वाढायची नव्हे, वर्षभर पुरणारं भाजीचं तिखट. आणि ती म्हटली की कांदा आणि लसूण आलाच. अक्काताईंच्या चटणीत दोन्ही नाही. संकेश्वरी मिरची, धणे, तीळ, खोबरं, दगडफूल डंकावर कांडून त्या अशी चव आणतात की कांदा-लसूण खाणारेही दोन किलो जास्त मागून नेतात. भादव्यात दहा दिवसांच्या व्रताचं दशलक्षण पर्व आलं की कडक पाळणारी जैन घरं दुसऱ्या कुणाचं तिखट घरात घेत नाहीत, पण अक्काताईंचं घेतात, आणि काही न विचारता घेतात. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत लसणाचं सालटंही आलेलं नाही हे पंचक्रोशीला माहीत आहे. अक्काताईंची सगळी मिळकत एवढीच, की त्यांना कुणी विचारत नाही.

सून मोना हुशार. इतकी वर्षं चटणी साध्या पिशवीत जायची, वर अक्काताईंच्या हातची चिठ्ठी. मोनानं ठरवलं की यंदाच्या दशलक्षणाला छापील खोकं करायचं, सांगली-बेळगावपर्यंत माल पाठवायचा. अक्काताईंनी एकच अट घातली. ‘खोक्यावरचं चित्र माजा अनेकांत काढणार. माज्या भावाचं पोरगं हाय त्ये.’ म्हणून मोनानं काम धैर्यशीलच्या कंपनीला दिलं आणि कच्च्या चित्राची लिंक अक्काताईंच्या मोबाइलवर आली.

अक्काताईंना लिंक फारच आवडली. भाच्याशी रोज बोलायची ही नवी सोय आहे, असा त्यांनी समज करून घेतला. सकाळी देवदर्शन उरकलं की त्या लिंक उघडायच्या, चित्रावर जिथं बोट पडेल तिथं टेकायच्या आणि गुलाबी कमळाचं चित्र पाठवायच्या. खाली ‘जय जिनेंद्र’. कधी मिरचीवर कमळ, कधी खोबऱ्यावर. कधी ‘जेवलास का?’ कधी ‘रुचिताचं गुडघं कसं हाय?’ पुण्या-बेंगळुरूचे लोकही ते सगळं वाचत होते. अनेकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं आदितीला फोन करून सांगितलं, ‘क्लायंटला जरा आवरा.’

‘असू दे हो दादा,’ आदिती म्हणाली. ‘मला तर सकाळी ते कमळ बघून छान वाटतं.’

‘तुला वाटंल. टिका मला मारायला लागत्यात.’

मग त्यानं आपल्यापुरता नियम केला. अक्काताईंचं नाव दिसलं की न उघडता टिक. दात घासता घासता, चहा ढवळता ढवळता, डाव्या हातानं टिक. ज्या बाईनं त्याला लहानपणी उचलून उरसातलं चक्र दाखवलं, तिच्यासाठी दोन ओळी वाचण्याएवढीही सवड या कलावंताला नव्हती.

पक्कं चित्र मात्र त्यानं जीव ओतून काढलं. मधोमध पितळी वाटीत लालभडक चटणीची रास, भोवती मिरच्यांचा घेर, खोबऱ्याच्या वाट्या, मूठभर धणे. बघताना नाकात ठसका जावा असं. आणि डाव्या कोपऱ्यात, तिळाच्या पुरचुंडीशेजारी, लसणाची एक पांढरीस्वच्छ पाकळी. बिनलसणाच्या चटणीवर लसूण! ही तीट काढताना तो स्वतःशीच हसत होता. याच्याइतकी उघडी चूक त्यानं आजवर केली नव्हती. दहा मिनिटांत बोंब उठणार अशी त्याची खात्री होती.

बोंब उठली नाही. यशराजची टिकली आली ती फोन नंबर जरा मोठा करा म्हणून. आदितीची आली वजनाचा आकडा उजवीकडं घ्या म्हणून. धैर्यशीलनं नुसता अंगठा दाखवला. लसणावर कुणी चकार शब्द काढला नाही. पहिल्या दिवशी अनेकांतला नवल वाटलं, दुसऱ्या दिवशी राग आला आणि तिसऱ्या दिवशी चक्क आनंद झाला. इतकी वर्षं तो जे म्हणत होता ते आता सिद्ध झालं होतं. ‘बघ,’ तो रुचिताला म्हणाला, ‘डोळं न्हाईत, नुसती भोकं हाईत. जैनाच्या खोक्यावर लसूण काढला तरी दिसंना.’

‘मग पूस की आता. आत्तीचं काम हाय ते.’

‘पुसतो. बघू तरी किती दिस आंधळं ऱ्हात्यात.’

माणसाला असली गंमत वाटते तेव्हा त्याच्या दोन कानाखाली द्यायला कुणीतरी जवळ हवं. रुचिता गुडघा धरून आत निघून गेली. मग मोनानं घाई सुरू केली, छापखान्याला फाइल हवी होती, त्यातच एक किलोचं आणि अर्ध्या किलोचं अशी दोन मापं करायची निघाली. अनेकांतनं मापं केली, उरल्यासुरल्या टिकल्यांना टिका मारल्या आणि फाइल धाडून दिली. लसूण तिथंच राहिला. तीट पुसायची ती कुणी दाखवली की, असाच त्याच्या हाताला सराव. कुणी न सांगता स्वतःची चूक पुसायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नव्हती.

छापखान्यातून खोकी घरी आली त्याच दिवशी मोनाचा फोन आला. ‘भाऊजी, या तेवढं. लगीच या.’ अनेकांत गाडीवर टांग टाकून इचलकरंजीला पोचला. घराच्या पुढच्या सोप्यात न दुमडलेल्या खोक्यांचे गठ्ठे भिंतीला उभे होते. घड्या घालायला आलेल्या गल्लीतल्या चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. पलीकडचे लूम खडखडत होते. अक्काताई पाटावर बसून एक खोकं चष्म्याजवळ धरून बघत होत्या. अनेकांतला बघून त्यांनी ते खाली ठेवलं.

‘घरोघरी हे गेलं असतं,’ त्या म्हणाल्या. ‘म्हाताऱ्या बायका व्रताच्या दिसांत ताटाजवळ ठेवत्यात माजी चटणी.’

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्काताई हळू बोलतात हे त्या घरात पहिल्यांदा घडत होतं, आणि लूमच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू आलं.

आता या गृहस्थानं काय करावं? पाय धरावेत की नाही? नाही. याच्या तोंडून जे निघालं ते असं: ‘आत्ती, बघायचं काम माजं नसतंय. माणसं नेमल्यात त्याला. तुलाबी लिंक कशाला दिलती? कमळं टाकायला व्हय? जरा चित्र बघिटलं असतंस तर ही पाळी आली असती का?’

अक्काताईंनी त्याच्याकडं बघितलं. ‘सांगितलंतं की मी.’

‘कधी?’

‘तितंच. तुज्या त्या लिंकमदी. तू झालं म्हणून लिवलंस. मग मी म्हणलं, झालं.’

‘आत्ती, उगंच कायतरी...’

मोनानं मोबाइल त्याच्या हातात दिला. ‘झालेल्या’चा कप्पा तिनं आधीच उघडून ठेवला होता. कमळ. जय जिनेंद्र. जेवलास का. कमळ. आणि त्याच्या खाली, पक्कं चित्र चढवलं त्याच दिवशीचं, ‘अनेकांत, डाव्या कोपऱ्यात लसणाची पाकळी हाय बघ. चुकून आली आसंल. काढ बाळा.’ खाली टिक. टिकेपुढं नाव, अनेकांत मगदूम.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. अनेकांतला अजून एक फांदी दिसत होती, तिला तो लोंबकळला. म्हाताऱ्या बाईचं राहू दे, पण पगार घेणाऱ्या तिघांना लसूण दिसू नये? त्यानं तिथंच आदितीला फोन लावला, चारचौघींनी ऐकावं म्हणून स्पीकरवर. आदितीनं धैर्यशीललाही जोडून घेतलं. अनेकांतनं मोठ्या आवाजात हजेरी घ्यायला सुरुवात केली. जैन क्लायंटच्या खोक्यावर लसूण छापून गेलाय, डोळे कुठं होते, कसले पगार घेता?

 आदिती म्हणाली, ‘दादा, दिसला होता. पहिल्याच दिवशी.’

‘मग तोंडात काय मिठाची गुळणी धरलीती?’

‘आत्यांनी आधीच लिहिलं होतं ना. आणि खाली तुमची टिक होती.’

‘एकीनं लिवलं म्हणून बाकीच्यांनी...’

‘अनेकांतराव,’ धैर्यशील मधेच म्हणाला, ‘आता बोलतोच. तुमची ती एक जागा असते ना, गाईचा पाय, किटलीची तोटी. तिच्यासाठी आमच्यात पाळी असते. या वेळी यशराजची होती. तो लिहायला गेला तर आत्यांचं आलेलं. म्हटलं, चला, सापडली, झालं काम.’

अनेकांतच्या हातातला फोन जरा खाली आला. ‘तुमाला ठावं होतं?’

‘अहो, पाच पायांची गाय चुकून कोण काढतं? दुसऱ्या-तिसऱ्या कामालाच कळलं. आमच्या सूचनांचा तुम्हाला त्रास होतो, हेही त्यावरूनच कळलं. मग आम्हीच ठरवलं, की यांना काही सांगायचं नाही. ती एक चूक दाखवायची, तुम्हाला बरं वाटतं, आणि चित्रात बाकी सांगण्यासारखं काही नसतंच.’ मग म्हणाला, ‘फाइल जायच्या आधी आम्ही उघडून बघायला हवी होती, ते चुकलंच. पण तुमची टिक म्हणजे झालं, असंच धरून चालतो आम्ही. सहा वर्षांत ती कधी खोटी निघाली नव्हती.’

सोप्यातल्या बायकांना पाच पायांच्या गाईचं काही कळलं नाही, पण कुणाचं काय झालं ते पुरतं कळलं. एकीनं पदर तोंडाला लावला. सहा वर्षं हा ज्यांना हाड टाकत होता, तेच सहा वर्षं याला कडेवर घेऊन फिरत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं? अनेकांतनं फोन बंद केला आणि आपण हुशारीनं काहीतरी सुचवून यातून सुटू, असं त्याला अजूनही वाटत होतं.

‘खोकी उलटी दुमडू,’ तो म्हणाला. ‘चित्र आत जाईल. वरनं पांढरं दिसंल. त्याच्यावर तू चिठ्ठी चिकटव.’

अक्काताईंचा आवाज आता परत आला, नेहमीचा, गल्लीच्या तोंडाला ऐकू जाणारा. ‘आत लसूण ठिवायचा आन् वर पांढरं दावायचं व्हय रं? ही रीत तुज्या लिंकमदली. माज्या घरातली न्हवं.’

मग त्या उठल्या. मोनाला म्हणाल्या, ‘पिशव्या काढ गं जुन्या.’ चिठ्ठ्या लिहायला बसल्या. बायकांनी खोकी बाजूला सारली आणि पिशव्या भरायला घेतल्या. अनेकांत मदतीला खाली बसला तेव्हा अक्काताई वर न बघता म्हणाल्या, ‘तू ऱ्हाऊ दे. तुजं काम झालं न्हवं?’ त्यात टोमणा नव्हता. त्यानं झालं लिहिलं होतं, त्यांनी ते खरं धरलं होतं, एवढंच. तेवढ्यात चहा आला, तो मात्र त्याला मिळाला. आत्तीच्या घरातून कुणी बिनचहाचं जात नाही.

चटणी जुन्याच पिशव्यांतून सांगलीला गेली, बेळगावलाही गेली. दशलक्षण बसायच्या आत सगळी खपली. खोक्याचं कुणी नावही काढलं नाही, कारण खोकं असणार होतं हे कुणाला माहीतच नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र अनेकांतनं काढलं, आणि त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. खोक्यांचे गठ्ठे पलीकडच्या गल्लीतल्या हंबीररावांनी मागून नेले. त्यांची चटणी कांदा-लसणाची. नावावर चिकटवायला त्यांनी पट्ट्या छापून घेतल्या, आणि राजारामपुरीला मुद्दाम फोन करून अनेकांतला सांगितलं, ‘पावणं, चित्र नाद खुळा हाय! पण लसणाची एकच पाकळी का म्हणून? गड्डा टाका की. आन् कांदा कुठं दिसंना त्यो.’

अनेकांतनं ‘व्हय व्हय’ म्हणून फोन ठेवला. एरवी त्यानं हंबीररावांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

इचलकरंजीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कमळ आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. लिंक तशीच उघडी होती, चित्र लखलखत होतं, पण त्यावर एकही टिकली नव्हती. बिनटिकल्यांचं चित्र, जे त्याला इतकी वर्षं हवं होतं, ते हेच. दात घासता घासता तो ते उघडायचा आणि बंद करायचा. रुचितानं दोनदा म्हटलं, ‘जाऊन ये की इचलकरंजीला. तोंडानं बोल.’ तो म्हणाला, ‘जातो, काम हाय.’ काम कसलं? तोंड नव्हतं, हे खरं. फ्लेक्सवाल्यांना, धैर्यशीलला, वेटरला, अख्ख्या जगाला सुनावणारं ते तोंड एका म्हाताऱ्या बाईसमोर न्यायची त्याची हिंमत नव्हती.

शेवटी त्यानं लिंक उघडली. डाव्या कोपऱ्यात, लसणाच्या पाकळीवर बोट टेकलं. टिकली उमटली. चौकोनात लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, ‘आत्ती, चुकलो मी. तू लिहिलेलं न वाचताच टिक मारली. माफ कर.’ खाली एक कमळही टाकलं. ते मोबाइलमध्ये कुठं असतं ते शोधायला त्याला लेकीची मदत घ्यावी लागली.

दिवसभर तो परत परत बघत राहिला. संध्याकाळी उघडलं तर टिकली नाहीशी झाली होती.  आत्तीनं वाचलं! धडपडत त्यानं ‘झालेल्या’चा कप्पा उघडला. त्याचं कमळ होतं, त्याची माफी होती, आणि खाली टिक होती. टिकेपुढं नाव, आदिती.

तिचा काही दोष नाही. काम संपलं होतं, अक्काताईंचं नाव लिंकवरून काढूनही टाकलं होतं. संपलेल्या कामावर काही राहिलं असेल तर न वाचता टिका मारून आदिती ते बंद करते, सगळेच करतात. 

कोल्हापुरातून इचलकरंजीची एसटी दिवसभर सुटत असते. तो अजून तिच्यात बसलेला नाही.